चौथा रकाना

नुआकशोतच्या नोंदणी कचेरीत
आई पंख्याखाली बसत नाही.
दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात, उकिडवी बसते
सगळा भार टाचांवर ठेवून.
हाक आली तर उठायला वेळ लागू नये.

नाव?
तर्बा.
वय?
आई माझ्याकडे बघते.
ज्या साली टोळधाड आली
आणि थोरल्या मालकिणीला जुळं झालं
त्या साली तिचे दुधाचे दात पडत होते.
मी बोटांवर हिशेब करून सांगते, अठ्ठावन्न.

मग चौथा रकाना.
कारकून कागदावरून डोळे न उचलता विचारतो,
कुणाची?

*

गुलामगिरी बंद झाली त्या संध्याकाळी
रेडिओ आईनेच लावला होता.
विझत आलेले सेल उन्हात तापवून
पुन्हा आत बसवायचं काम तिचं.
बातमी सरकारी शब्दांत आली.
मालक म्हणाला, आवाज कमी कर, चहा टाक.
तिने आवाज कमी केला.
चहा टाकला.
पहिला पेला, दुसरा, तिसरा,
हातभर उंचीवरून धार, वर बोटभर फेस.
आमच्या तंबूवरून ती बातमी
विमानासारखी गेली.
मान वर करून पाहायचं,
पुन्हा उखळाशी यायचं.

मी बाविशीत असताना ती गुन्हाही ठरली.
आधीच बंद झालेली गोष्ट
नंतर गुन्हा कशी ठरते
हे मला शहरात कुणी नीट सांगितलं नाही.
तोवर मातल्लामामाने मला
मासळीच्या रिकाम्या ट्रकमधून इथे आणलं होतं.
अजून पावसाळी दिवसांत
केसांना तो वास येतो.

आई नाही आली.

लोक विचारतात, का नाही आली?
साखळी होती का? पहारा होता का?
एक शिकलेले गृहस्थ तर म्हणाले,
सवयीचं गुरू दावं सोडलं तरी खुंट्याशीच उभं राहतं.
मी आईला सांगितलं.
ती म्हणाली, त्यांनी गुरं राखलेली नाहीत.
सुटलेली शेळी
मला तीन दिवस सापडली नव्हती.

मालकाच्या लेकीच्या लग्नात
गालिचे, दोन उंटिणी आणि माझी बहीण आंदण गेली.
साल्का. नऊ वर्षांची.
पुढे कधी सणाला तिकडून माणूस यायचा,
चहा पिता पिता बोलून जायचा,
पोरगी उंच झाली.
पोरीला खोकला आहे.
आई एवढ्या दोन वाक्यांसाठी
वर्षभर कांडत होती.
तिथून हलली असती
तर वाक्यं येणार कुठे?

मग सणामागून सण गेले
आणि माणूस आला, चहा प्याला,
काही बोललाच नाही.
त्या रात्री आई चालत निघाली.

*

कुणाची? कारकून पुन्हा विचारतो.
थांबतो. तोही काही वाईट माणूस नाही.
हळूच म्हणतो, मालकाच्या घराण्याचं नाव घालू?
पुष्कळजण घालतात. काम लवकर होतं.

आईचं तोंड उघडतं.
मला ठाऊक आहे तिथे कोणतं नाव ठेवलेलं आहे.
विहिरीवर, बाजारात, वाटेत कुणीही विचारलं
की ते आपोआप बाहेर यायचं.
माझ्या रंगात जे थोडं दूध सांडलंय
तेही त्याच घरचं.

तोंड मिटतं.
पंखा फिरतो.
मागच्या रांगेत कुणाचं तरी मूल रडतं.

साल्काची, आई म्हणते.

हे बाईचं नाव आहे.

हो.

वडील का?

मुलगी.

कारकून माझ्याकडे बघतो, यंत्राकडे बघतो.
यंत्र हे घेणार नाही, म्हणतो,
मंगळवारी या, साहेब असतील.
पण पेन्सिलीने, कोपऱ्यात,
साल्का असं लिहून ठेवतो.

बाहेर टपरीवर मी चहा सांगते.
आई किटलीकडे हात नेते.
मी तो धरून खाली ठेवते.
पेला येईपर्यंत तिला कळत नाही
हात कुठे ठेवायचे.